वळण लावणारी छडी

माझा आवाज तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकला असेल, पण तो हवेत सपकन उमटणारा. शब्दांत मी आज पहिल्यांदाच बोलतेय. मी वेताची छडी आहे. अडीच हात लांब, करंगळीएवढी जाड, एका टोकाला सुतळी गुंडाळलेली. माणसाची जात मी फार जवळून पाहिली, अगदी त्याच्या तळहाताच्या घामापासून. मत काही चांगलं झालं नाही.

शिरूरच्या आठवडे बाजारात एका बुरडाच्या टोपल्यांशेजारी मी उभी होते. साल सत्तावन्न असावं. सुपं, पाट्या, डालगी भराभर उठत होती. मला कुणी विचारत नव्हतं. दुपारी काळी टोपी आणि बंद गळ्याचा कोट घातलेले एक गृहस्थ आले. त्यांनी मला उचललं, वाकवून बघितलं, हवेत दोनदा फिरवलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

हे नथानिएल मास्तर. बत्तीस वर्षं मिशनच्या शाळेत शिकवून त्याच उन्हाळ्यात निवृत्त झालेले. शाळेची छडी शाळेतच राहिली होती आणि मास्तरांचा उजवा हात रिकामा पडला होता. मला घरी आणलं तेव्हा त्या घरात मारायला कुणीही नव्हतं, हे लक्षात घ्या. आधी छडी आली, अपराधी मागाहून गोळा झाले.

घर मिशनच्या आवाराच्या टोकाला, घोड नदीच्या बाजूला होतं. दोन खोल्या, मागं परसू, पुढं पडवी. पडवीतल्या खिळ्यावर मला टांगलं. मास्तरांच्या बायकोनं, दबोराबाईंनी, माझ्याकडं एकदा बघितलं.

"आता ही कुणासाठी?" त्या म्हणाल्या.

"घरात असावी," मास्तर म्हणाले. "शास्त्रात छडीबद्दल लिहिलंय."

"शास्त्रात मेंढपाळाच्या काठीबद्दलही लिहिलंय," दबोराबाई म्हणाल्या, "पण ती मेंढराला बडवायला नाही." आणि त्या चुलीकडं निघून गेल्या.

त्या पावसाळ्यात जळणाच्या ढिगात एका मांजरीनं दोन पिल्लं दिली आणि महिनाभरानं ती त्यांना सोडून गेली. मास्तरांनी पिल्लांची नावं शास्त्रातून, म्हणजे बायबलातून काढली, मार्था आणि मरिया. मरिया पुढं बोका निघाला. बत्तीस वर्षं पोरांची पारख करणाऱ्या माणसाची ही नजर! नाव मात्र बदललं नाही. चूक कबूल करण्यापेक्षा बोक्याला मरिया म्हणणं मास्तरांना सोपं गेलं.

पिल्लं चुलीतल्या राखेत घाण करायची. राख मऊ, कोमट, उकरायला सोपी. मांजराला आणखी काय हवं? मास्तर सकाळी प्रार्थना आटोपून राख बघायचे, एकेकाला मानगुटीला धरून त्याचं नाक राखेत घासायचे आणि मग मला खिळ्यावरून काढायचे. पिल्लांनी आपलं काम केव्हाच उरकलेलं असायचं. मार बसायचा तेव्हा ती उन्हात बसून पंजे चाटत असायची. मग त्यांना काय कळणार? पंजे चाटणं हा या घरात गुन्हा आहे, किंवा मास्तर नावाचं जनावर सकाळी अंगावर येतं, एवढंच. राखेचा नि माराचा संबंध जोडायला मांजराला कुणी न्यायाधीश नेमलेलं नव्हतं.

चार दिवसांत पिल्लांनी राख सोडली. मास्तरांनी मला रुमालानं पुसलं. पाचव्या दिवशी रविवार होता. उपासनेला जायचं म्हणून मास्तरांनी कोट चढवला आणि बुटात पाय घातला. पुढचं मी सांगत नाही.

त्या दिवसापासून दबोराबाईंनी कारभार हातात घेतला. फुटक्या घमेल्यात घोड नदीची वाळू भरली, वर त्याच घाण झालेल्या राखेची चिमूट टाकली, म्हणजे वासानं खूण पटावी. घमेलं चुलीमागच्या कोपऱ्यात ठेवलं. स्वयंपाक झाला की चुलीवर पत्रा झाकायच्या. पिल्लं दूध प्याली की दोघांना उचलून घमेल्यात ठेवायच्या आणि त्यांचाच पंजा धरून वाळू जराशी उकरून दाखवायच्या. आठ दिवसांत प्रश्न मिटला.

"बघितलंस?" मास्तर म्हणाले. "छडीचा धाक!"

"हो ना," दबोराबाई म्हणाल्या आणि फुंकणी तोंडाला लावली.

त्या आठ दिवसांत मी खिळ्यावरून हललेसुद्धा नव्हते. पण श्रेय मला मिळालं, आणि खरं सांगायचं तर मी ते घेतलं. मास्तरांच्या वेताच्या खुर्चीचंही असंच झालं. ती माझ्याच जातीची. मार्था रोज तिच्यावर नखं घासायची, मास्तर रोज मला घेऊन तिच्यामागं धावायचे, ती कपाटावर चढून खाली बघायची. दबोराबाईंनी बाभळीच्या एका ओंडक्याला गोणपाट गुंडाळलं आणि तो खुर्चीला खेटून उभा केला. मार्थानं खुर्ची सोडली, ओंडका धरला. मास्तर पुन्हा खूश.

मांजरांवर एवढं यश मिळाल्यावर मास्तरांना कुत्रं हवंसं वाटलं. मिशनच्या बंगल्यातली मडम मायदेशी परत निघाली होती. जाताना तिनं एक तांबूस पिल्लू मास्तरांच्या पदरात टाकलं. मास्तरांनी त्याचं नाव ठेवलं सीझर.

कुत्र्यांबद्दल मला आदर नाही. ज्याच्या हातचा मार खायचा त्याच्याच पायाशी जाऊन निजायचं, ही कुठली अक्कल? सीझर तर त्यातही भोळा. आल्यागेल्याच्या छातीवर पाय ठेवायचा, वहाणा पळवायचा, सायकलमागं धावायचा. वर्षाचा झाला आणि त्याला कोंबडीची चव लागली.

मास्तरांच्या घराला लागून जयसिंगरावांचं शेत होतं. मध्ये शेराच्या चिकाळ झुडपांचं कुंपण, त्यात एक लाकडी फाटक. जयसिंगराव सोसायटीचे चेअरमन. ब्लॉकच्या साहेबांनी सांगितलं म्हणून त्यांनी पांढऱ्या विलायती कोंबड्या आणल्या होत्या. तालुक्यात तशा कुणाकडं नव्हत्या. पाहुणा आला की त्याला चहा नंतर, कोंबड्या आधी. एक एक कोंबडी हातात घेऊन तिचा तुरा असा दाखवायचे, की ती त्यांच्या पोटची असावी. असो. त्यातली एक फाटकाखालून इकडं आली आणि सीझरनं तिला धरलं.

मास्तर पडवीत उभे राहून ओरडले, "सीझर! इकडे ये!"

सीझरनं कोंबडी टाकली. कान पाडून, शेपूट हलवत तो धावत आला आणि मास्तरांच्या पावलांवर डोकं ठेवून बसला. हाक मारली, आलो, शाबास म्हणा. मास्तरांनी मला उचललं.

मी नुसती वेताची कांडी. मला ना डोकं, ना काळीज. तरी मला समजत होतं, की हे उलटं चाललंय. कोंबडी धरली तेव्हा कुत्र्याला मजा वाटली. हाकेला ओ देऊन आला तेव्हा पाठीवर आग पडली. आता त्यानं काय सोडावं, कोंबडी की हाकेला येणं? बत्तीस वर्षं गणित शिकवणाऱ्या माणसाला ही वजाबाकी जमली नाही.

दुसऱ्या कोंबडीच्या वेळी सीझर हाकेला आला, पण पोट जमिनीला घासत, चोरासारखा. त्याला मार बसला. तिसरीच्या वेळी तो अर्ध्यात थांबला. मास्तर जाऊन त्याला धरून घेऊन आले. त्यानंतर तो हाक ऐकली की उलट्या दिशेला पळायला लागला.

"निगरगट्ट झालाय," मास्तर दबोराबाईंना म्हणाले. "जास्त लागतील याला."

तिसरी कोंबडी गेली त्या दिवशी जयसिंगराव फाटकातून आत आले. मेलेली कोंबडी पायाला धरून आणली होती.

"मास्तर, तुमी शिकलेलं मानूस. तुमास्नी काय सांगायचं? पर आमच्या आज्याचा उपाय हाय. ही त्याच्या गळ्यात बांदा. तीन दिस बांदून ठिवा. वास येऊस्तवर. पुन्यांदा कोंबडीचं नाव काडायचा न्हाई."

मास्तरांना उपाय पटला. गळ्यात मेलेली कोंबडी बांधलेला सीझर दोन दिवस अंगणात फिरत होता. माशा घोंघावत होत्या, दबोराबाई नाकाला पदर लावून वावरत होत्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांना दिसलं, की सीझरनं मान वाकडी करून कोंबडीची एक तंगडी खाल्लीय. त्यांनी विळी आणली आणि दोरी कापून टाकली. ज्याला कोंबडी आवडते त्याच्या गळ्यात कोंबडी बांधायची, हा त्या दोन शहाण्या पुरुषांचा उपाय.

आषाढात चौथी कोंबडी गेली, आणि त्या वेळी जयसिंगराव उपाय सांगायला आले नाहीत. त्यांनी माळ्यावरची ठासणीची बंदूक काढली.

सकाळची वेळ होती. सीझर त्यांच्या अंगणात खुराड्यापाशी उभा होता, तोंडाला पांढरी पिसं. जयसिंगराव ओट्यावर उभे राहून बंदूक ठासत होते. मास्तर मला घेऊन फाटकापर्यंत धावले.

"सीझर! इकडे ये! ये म्हणतो ना!"

सीझरनं मान वळवली. त्याला मास्तर दिसले आणि मास्तरांच्या हातात मी दिसले. तो एक पाऊल मागं सरला. मास्तर जसजसे ओरडायला लागले, तसतसा तो मागं मागं, थेट बंदुकीच्या बाजूला सरकत गेला. माझ्यावरची त्यांची मूठ घामानं ओली झाली होती. आपण हाक मारून त्याला मरणाकडं ढकलतोय, हे त्यांना दिसत होतं, आणि दुसरं काही त्यांना येत नव्हतं.

"सरका बाजूला, मास्तर," जयसिंगराव म्हणाले. "आज न्हाई सोडायचो."

तेवढ्यात कुंपणाच्या वाटेनं धुरपदा आली. धुरपदा म्हणजे नदीच्या काठाला शेळ्या राखणारी म्हातारी, माहेर निमोण्याचं. रोज सकाळी दबोराबाईंना शेळीचं दूध घालायची. पायात वहाण नाही, डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर दुधाची चरवी. मी तिला मोजतच नव्हते.

"मास्तर, ती काटी टाका आदी," ती म्हणाली.

मास्तरांनी ऐकलं नाही. ऐकू आलं की नाही कोण जाणे. धुरपदानं चरवी खाली ठेवली, सरळ त्यांच्या हातातून मला हिसकलं आणि शेराच्या कुंपणात भिरकावून दिलं.

मला! त्या चिकात आणि काटक्यांत मी आडवी पडले. कुणा शिकलेल्या माणसानं टाकलं असतं तर सोसलं असतं.

तिथूनच मी पुढचं बघितलं. धुरपदा फाटकातून आत गेली, पण कुत्र्याकडं गेली नाही. पाच-सहा पावलांवर जमिनीवर बसली, त्याच्याकडं पाठ करून. कनवटीची भाकरी काढली आणि जणू आपल्यालाच भूक लागलीय अशी मोडायला लागली.

"जयसिंगा," ती वळून न बघता म्हणाली, "बंदूक ठिव खाली. तुज्या बापाला दुखन्यात पाजायला बी माजीच शेळी व्हती. दोन घटका थांब."

जयसिंगरावांनी बंदूक खाली ठेवली नाही, पण उचललीही नाही.

"शिजर," ती हलक्या आवाजात म्हणाली. "ये बाबा. ये, माजा शिजर."

कुत्रं थरथरत होतं. एकदा मास्तरांच्या हाताकडं बघितलं. हात रिकामा होता. मग ते हळूहळू आलं आणि तिच्या मांडीला नाक लावून उभं राहिलं. तिनं भाकरी दिली, मग सावकाश त्याच्या गळ्यात चुंबळीची चिंधी अडकवली.

मास्तर फाटकाला धरून उभे होते. दोन वर्षं ज्याला खाऊ घातलं ते कुत्रं एका दूधवालीकडं गेलं, आपल्याकडं आलं नाही. त्यांच्या चेहऱ्याकडं मला बघवलं नाही, आणि मला असं सहसा होत नाही.

"पोळ्यापतूर मुदत दे," धुरपदा जयसिंगरावांना म्हणाली. "तवर ह्यो तुज्या अंगनात येनार न्हाई. पोळ्याला आनू. कोंबडीला तोंड लावलं, तर घाल गोळी. म्या सोता मातीआड करीन."

जयसिंगराव कबूल झाले. दबोराबाई पडवीतून बाहेर आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "धुरपदाबाई, तुम्हीच शिकवा याला." मास्तर आत निघून गेले. संध्याकाळी त्यांनी मला कुंपणातून काढलं, चीक पुसला आणि परत खिळ्यावर टांगलं.

दुसऱ्या दिवसापासून धुरपदाचे उद्योग सुरू झाले. मास्तरांच्याच अंगणात, माझ्याच डोळ्यांदेखत. तिनं घरची एक गावरान कोंबडी आणली आणि अंगणाच्या पार टोकाला डालग्याखाली झाकली. सीझरला दोरीला धरून ती या टोकाला उभी राहिली. सीझर दोरी ताणून, भुंकून, जीभ बाहेर काढून बेजार झाला. म्हातारी खांबासारखी उभी. ना ओरडणं, ना ओढणं. बऱ्याच वेळानं दमून त्यानं एकदा तिच्या तोंडाकडं बघितलं. त्याच क्षणी तिनं दुधात भिजवलेला भाकरीचा तुकडा त्याच्या तोंडात दिला. पुन्हा कोंबडीकडं धाव, पुन्हा खांब. पुन्हा तिच्याकडं बघितलं, पुन्हा तुकडा. एवढंच. घटकाभरानं ती चरवी उचलून चालती झाली.

हे काय शिकवणं झालं? ना आरडाओरडा, ना माझा आवाज. मला वाटलं, चार दिवसांत म्हातारी हात टेकेल.

रोज ती डालगं दोन हात जवळ आणायची. एखाद्या दिवशी सीझर फार उसळला, की दुसऱ्या दिवशी पुन्हा लांब न्यायची. त्यात तिला कमीपणा वाटायचा नाही. मास्तर वेताच्या खुर्चीत वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसायचे. पान मात्र उलटायचे नाहीत.

एक दिवस न राहवून ते म्हणाले, "ही लाच आहे. भाकरी देऊन कुणी शहाणं होत नाही."

"तुमी साळंत शिकवून पगार घेत व्हता न्हवं?" धुरपदा म्हणाली. "त्यो काय व्हता?"

आत दबोराबाईंच्या हातातलं भांडं खाली पडलं. मुद्दाम पाडलं असावं, हसू झाकायला.

वीस-बावीस दिवसांनी डालगं उचललं गेलं. कोंबडीच्या पायाला सुतळी, सीझरच्या गळ्यात दोरी. कोंबडी दाणे टिपत त्याच्या नाकासमोरून गेली. त्याच्या अंगावर काटा उभा राहिलेला मला दिसत होता. त्यानं कोंबडीकडं बघितलं आणि मान फिरवून म्हातारीकडं बघितलं. श्रावण संपायच्या आत गळ्यातली दोरीही सुटली.

मी खिळ्यावर वाळत होते. मला तिचा राग यायचा, हे लपवत नाही. जे काम माझं म्हणून मी जन्माला आले, ते एक अनवाणी बाई शिळ्या भाकरीवर करत होती.

पोळ्याच्या आदल्या दिवशी तिनं मास्तरांना गाठलं. "म्या उद्या येत न्हाई. आमची म्हस आजारी हाय."

तिच्याकडं म्हैस नव्हती. मास्तरांना ते माहीत होतं.

"पण तो माझं ऐकत नाही," मास्तर म्हणाले. त्यांनी हे मोठ्यानं म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

"कुत्रं तुमचंय, मास्तर. कवातरी तुमचं तुमालाच बोलवायचंय. आन् काटी घरी ऱ्हाऊ द्या."

मास्तर म्हणाले, "धुरपदाबाई, तुम्ही त्याला कशी हाक मारता, ते एकदा दाखवा." आजवर तिला ते 'ए धुरपदे' म्हणत आले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी सजवलेले बैल वेशीकडं निघाले. जयसिंगराव नवं धोतर नेसून ओट्यावर उभे होते, बंदूक भिंतीला टेकवून ठेवलेली. माझ्या खिळ्यावरून फाटकातून त्यांचं अंगण सरळ दिसायचं. पांढऱ्या कोंबड्या मोकळ्या होत्या. मास्तर फाटकातून आत गेले, पाठोपाठ सीझर, दोरीशिवाय. मास्तर चालत अंगणाच्या पलीकडच्या कडेला गेले. सीझर फाटकाच्या आतच बसून राहिला. एक कोंबडी फडफडत त्याच्या अगदी तोंडावरून गेली.

मास्तर हाक मारायला वळले. त्यांच्या हाताची बोटं नुसतीच मिटली आणि उघडली. त्यांना मी हवी होते, मला ठाऊक आहे. मग ते गुडघ्यावर हात ठेवून सावकाश खाली बसले. नवा कोट मातीत.

"सीझर," ते म्हणाले. "ये बाबा."

सीझरनं कोंबडीकडं बघितलं. मग मास्तरांकडं. मग पुन्हा कोंबडीकडं. जयसिंगरावांचा हात बंदुकीकडं गेला. सीझर उठला आणि मास्तरांकडं चालायला लागला. चालत चालत अर्ध्या अंगणात आला, आणि तिथंच बसला. पुढं येईना. कोंबड्या त्याच्या भोवती दाणे टिपत होत्या.

"न्हाई आला तुमच्यापतूर," जयसिंगराव म्हणाले.

"अर्धा आलाय," मास्तर म्हणाले. "उरलेलं मी चालतो."

ते उठले, त्याच्याजवळ गेले आणि खिशातून भाकरीचा तुकडा काढून त्यांनी त्याच्यासमोर धरला. सीझरनं आधी हात हुंगला, मग तुकडा घेतला. जयसिंगरावांनी बंदूक उचलली आणि आत ठेवून आले. बाहेर येताना पुरणपोळीचं ताट घेऊन आले. बढाईखोर माणूस, पण शब्दाला पक्का निघाला.

तुम्ही म्हणाल, मास्तर त्या दिवसापासून बदलले. छे. माणूस एवढ्या लवकर शिकत नाही, कुत्र्याला तरी चाळीस दिवस लागले होते. पुढं कितीतरी महिने काही सांडलं, फुटलं, की त्यांचा हात खिळ्याकडं यायचा. कधी माझ्यापर्यंत पोचायचा, कधी वाटेतून मागं फिरायचा. ओरडायची सवय तर तशीच होती. "चहा!" अशी आरोळी ठोकली, की दबोराबाईंना चूल फुंकायला फार वेळ लागायचा, साखर सापडायची नाही, गाळणं हरवायचं. "दबोरा, चहा मिळेल का गं?" असं म्हटलं, की आलं घातलेला चहा पाच मिनिटांत हातात. मास्तरांना यातलं काही समजलं नाही. पण वर्षभरात त्यांचा आवाज निम्म्यावर आला.

"धुरपदाबाई," दबोराबाई एकदा दूध घेताना म्हणाल्या, "तुमचा उपाय माणसालाही लागू पडतो."

"कुनावर केला?"

दबोराबाईंनी नुसती खुर्चीकडं नजर टाकली. दोघींनी तोंडाला पदर लावला. मास्तरांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढून विचारलं, "काय झालं?" आणि दोघी म्हणाल्या, "काई न्हाई."

सीझर एकाहत्तर साली म्हातारा होऊन गेला. धुरपदा त्याच्या आधीच्या वर्षी. तिच्या मातीला मास्तर नदीपर्यंत चालत गेले होते. पुढं मास्तरांना डोळ्यांनी कमी दिसायला लागलं, तेव्हा त्यांची मुलगी राहेल शिरूरला आली आणि आईवडिलांना आपल्या घरी दौंडला घेऊन गेली. जावई एलिया रेल्वेत गार्ड. कंपाउंडातल्या क्वार्टरमध्ये राहायचं, दिवसभर इंजिनांचे धूर आणि शिट्ट्या. सामान बांधताना दबोराबाईंनी मला चटईत गुंडाळलं. टाकून का दिलं नाही, ते त्यांनाच माहीत. इथं आल्यावर मी मोठ्या ट्रंकेमागच्या कोपऱ्यात उभी राहिले. जाळी लागली, सुतळी कुजली. वेत मात्र अजून चिवट आहे.

गेल्या थंडीत एलियानं यार्डातून एक काळं पिल्लू उचलून आणलं. आठवड्यात त्या पिल्लानं त्याचा हिरवा झेंडा चावून त्याच्या चिंध्या केल्या. ड्यूटीवर निघायची वेळ, गणवेश अंगात, आणि हातात हे फडकं.

"याला आता सरळ करतो," एलिया गरजला. "बाबा, राहेल सांगते तुमच्याकडं एक छडी होती म्हणून. शिरूरहून आणली का? कुठाय?"

पिल्लू मास्तरांच्या पायांत शिरलं होतं. मास्तर भिंतीला टेकून बसले होते. त्यांचे अधू डोळे वळले ते थेट ट्रंकेमागच्या कोपऱ्याकडं, माझ्याकडं. दबोराबाईंची भाजी चिरायची सुरी थांबली.

हा माणूस आयुष्यात खोटं बोललेला नव्हता. उपासनेला किती लोक होते हे पाळकांनी दोन-चारानं वाढवून सांगितलं, तर भर मंडळीत उभा राहून दुरुस्त करणारा.

"ती मोडली," मास्तर म्हणाले.

"मोडली? कधी?"

"शिरूरलाच. पुष्कळ वर्षं झाली." मग म्हणाले, "एलिया, झेंडा खुंटीवर उंच टांगत जा. खाली ठेवला तर ते खाणारच."

एलिया पुटपुटत दुसरा झेंडा शोधायला गेला. दबोराबाईंनी सुरी पुन्हा चालवायला सुरुवात केली. पिल्लू मास्तरांच्या धोतराचं टोक चावत होतं आणि मास्तर ते ओढून काढत होते, पुन्हा पुन्हा, न ओरडता.

माझं त्यांच्याबद्दलचं मत फार बदललंय असं समजू नका. जे दबोराबाईंना आठ दिवसांत आणि धुरपदाला उपजत कळत होतं, त्यासाठी या गृहस्थाला एवढी वर्षं, एक कुत्रं आणि अख्खी म्हातारी लागली. पण माझ्यासाठी खोटं बोलणारा हा पहिलाच माणूस. खरं तर माझ्यासाठी नाही, त्या काळ्या पिल्लासाठी. तेही चालेल.

मी मोडलेली नाही. हात लागला तर आजही सपकन वाजेन, तसा वेत जातिवंत आहे. म्हणूनच तुमच्याकडं एक मागणं आहे. कधी दौंडला रेल्वेच्या वस्तीत गेलात आणि गार्ड एलियाच्या घरी चहाला बसलात, तर ट्रंकेमागं कोण उभं आहे ते त्याला सांगू नका. म्हातारपणी मास्तर एकदाच खोटं बोललेत. ते खरं धरून चाला.